झाड माझ्या हद्दीत होतं

ही हकीकत सांगायचं मी बारा-तेरा वर्षं टाळत आलो आहे. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. अर्धी हकीकत मी इतक्या वेळा सांगितली आहे की नातवंडांना ती तोंडपाठ आहे. धानोऱ्याच्या रस्त्यावर मोहाचं भलंमोठं झाड आडवं पडलं, वळणापलीकडून एसटी येत होती, आणि आजोबांनी धावत जाऊन, दुपट्टा हलवून ती थांबवली. लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, "काका, ते बसचं सांगा ना." मग मी सांगतो आणि ऐकणारे माझ्याकडे आदराने बघतात. उरलेली अर्धी हकीकत कुणी विचारली नाही आणि अगदी अलीकडेपर्यंत मीही काढली नाही. आता बाहत्तरावं वर्ष चालू आहे. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं, दुसरं व्हायचं आहे. तोवर लिहून ठेवतो.

मी जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार होतो. वरोऱ्याकडच्या काळ्या कापसाच्या जमिनीपासून धानोऱ्याच्या जंगलातल्या बांध्यांपर्यंत, म्हणजे भातखाचरांपर्यंत, दोन जिल्ह्यांत मोजणीची साखळी ओढत फिरलो. धुरा, म्हणजे शेताची हद्द, हाच आमच्याकडे भांडणाचा मोठा विषय. सख्खे भाऊ धुऱ्यावर काठ्या घेऊन उभे असायचे. मी नकाशा उघडायचो, माप घ्यायचो, मातीखाली गेलेला दगड शोधून काढायचो, आणि काठ्या खाली यायच्या. "साहेबानं दाखवलं म्हणजे तिथीच," असं लोक म्हणत. चौतीस वर्षांत माझ्या मोजणीवर एकही अपील टिकलं नाही. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगणं कठीण आहे.

आमच्या घराण्यात जमीन घेतली ती पहिल्यांदा माझ्या वडिलांनी. मी तीन वर्षांचा असताना घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर काही वर्षांनी गडचिरोली-धानोरा रस्त्याला लागून धानाच्या चार बांध्या वडिलांनी विकत घेतल्या. त्या बांध्यांच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या बाजूला, ते मोहाचं झाड होतं. वडील सांगत, जमीन बघायला गेलो आणि झाडच बघत राहिलो. चार माणसांनी हात धरले तरी बुंधा कवेत येत नसे. फांद्या एका अंगाला बांधीवर आणि दुसऱ्या अंगाला रस्त्याच्या पार पल्याडपर्यंत गेलेल्या. मार्च लागला की पानं झडत, आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना घोस लागत. पहाटे फुलं गळायची. मोहाचं फूल जड असतं, रसाने भरलेलं, द्राक्षासारखं. ते पडताना आवाज होतो. अंधुक उजेडात त्या झाडाखाली उभं राहिलं की चहूबाजूंनी तो टपटप आवाज येई, आणि वास असा की घशात उतरावा. जिल्ह्यातली कितीतरी जंगलं मी पायाखाली घातली, पण या एका झाडाखाली मी दर वर्षी नव्याने गप्प होत असे.

मोह वेचायला एक बाई यायची. रस्त्यापलीकडच्या टोलीतली, म्हणजे वाडीतली, गोंड, माझ्याच वयाची. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी. माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या झाडाखाली वेचायची ती. वेचलेल्यातलं अर्धं तिचं, अर्धं झाडमालकाचं, अशी आमच्याकडची रीत. तिच्या वेचण्यात मात्र एक वेगळेपण होतं. मोहाखाली पाल्याचा जाड थर साचतो, आणि त्यात फूल पडलं की सापडत नाही. म्हणून आमच्याकडे फुलं लागायच्या आधी बहुतेक लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. तासाभरात जमीन काळी आणि साफ होते. ही बाई पेटवत नसे. ती झाडायची. एवढ्या मोठ्या झाडाखालचं अंगण ती खराट्याने चार-चार दिवस झाडत बसे, पाला टोपल्यांनी उचलून बांधीत नेऊन टाके.

मी एकदा म्हटलं, "बाई, काडी लाव नं. एका घंट्यात मोकळी होशीन."

ती खराटा न थांबवता म्हणाली, "तुमच्या पायाशी कोनी दर सालाले इस्तो लावला तं चालन का भाऊ?"

"अवं, झाड आहे ते. एवढ्या आगीनं त्याले का होते?"

"त्याले तोंड नाई म्हणून तं मी बोलून राह्यली."

मी हसलो. मी गडचिरोलीला राहायचो, शेतावर फक्त रविवारी यायचो. तिचं झाडणं पुरं व्हायच्या आत फुलं पडायला लागत, आणि पहिल्या आठवड्याची बरीचशी पाल्यात सडत. मला ते बघवत नसे. एका रविवारी ती बाजाराला गेली होती. मी खिशातून आगपेटी काढली आणि पाला पेटवला. वारा नव्हता. आग बुंध्याभोवती गोल फिरली, सालीला चाटली आणि विझली. पुढच्या रविवारी तिने विचारलं, "इस्तो कोनं लावला जी?"

"असतीन कोनी वाटसरू. बिडी टाकली असन."

"असन," ती म्हणाली. मग नाल्यातली ओली माती आणि शेण कालवून तिने बुंध्याचा जळालेला भाग हाताने लिंपून काढला. जखमेला लावावं तसं.

त्यानंतर मी सहा-सात वर्षं हेच करत होतो. ती नसताना काडी लावायची, आणि रविवारी तिचा मातीचा हात बुंध्यावर फिरलेला बघायचा. आग दर वर्षी थोडंसंच खाते, पण एकदा साल गेली की आतलं लाकूड निखाऱ्यासारखं धुमसत राहतं. बांधीच्या बाजूने बुंध्याला आधी मूठभर खळगा पडला, मग ढोली झाली. शेवटच्या वर्षी मी वाकून त्या ढोलीत शिरलो. आत मी ताठ उभा राहू शकलो. चहूकडे कोळसा झालेल्या भिंती, गार हवा, मधाचा आणि जळकट असा एकत्र वास. वर पाहिलं तर अंधार, आणि खूप उंचावर एका तुटक्या फांदीच्या भोकातून आभाळाचा तुकडा. हाताच्या तळव्याएवढी साल आणि तेवढंच लाकूड, एवढ्यावर ते सगळं झाड उभं होतं. आणि वर फुललेलं होतं. बाहेर त्याची फुलं टपटप पडत होती. मी भीतीने की कशाने, हात जोडले. मग बाहेर येऊन पोत्यात माझा वाटा भरला.

झाड धोक्याचं आहे हे मला कुणी सांगितलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. झाड पडायच्या दोन वर्षं आधी रस्ता रुंद करण्याचं काम निघालं होतं. बांधकामवाल्यांनी तोडायच्या झाडांवर लाल पट्टे मारले, त्यात माझ्या झाडावरही मारला. मी साखळी आणि नकाशा घेऊन गेलो. रस्त्याच्या जुन्या मध्यापासून माप धरलं आणि त्यांच्या माणसांसमोर दाखवून दिलं की सरकारी जागा संपते तिथून पुढे पावणेदोन मीटरवर माझं झाड सुरू होतं. तसं लेखी पत्रही दिलं. त्यांनी पट्टा पुसला. रस्त्यावरच्या मजुरांचा मुकादम म्हातारा होता, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, झाड तुमचं तं तुमचं. आमचं काई म्हननं नाई. पन पोकय आहे जी. अन् झुकलं आहे रस्त्याकडं. तहसीलीत अर्ज टाका, परवानगी घ्या, निदान रस्त्यावरच्या फांद्या उतरवा. कोनाच्या डोक्यावर पडलं तं?"

"पाहू," मी म्हणालो.

मालकाने झाड आपलं म्हणून सिद्ध केलं की त्याचं पडणंही आपलंच होतं, हे मला कायद्याने शिकवायची गरज नव्हती. खात्यात अशी प्रकरणं मी पाहिली होती. तरी अर्ज मी टाकला नाही. फांद्या उतरवल्या असत्या तर फुलं निम्मी झाली असती.

झाड पडलं तो मार्चअखेरचा रविवार होता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी पहाटेच मोटरसायकलने शेतावर पोचलो होतो. वारा अजिबात नव्हता. बाई रस्त्यावर होती. आमच्या झाडाची पुष्कळ फुलं डांबरावर पडायची आणि गाड्या सुरू व्हायच्या आत ती उचलावी लागायची, नाहीतर चाकांखाली चिखल होई. मी वीसेक पावलांवर बांधीत पोतं उलगडत होतो.

मोडण्याचा आवाज आलाच नाही. जुनं मोठं दार सावकाश उघडावं तसा एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला. मी मान वर केली. झाड आधी खाली बसलं. स्वतःच्या ढोलीत ते हातभर खचलं, एखादं म्हातारं माणूस ओट्यावर टेकावं तसं, आणि मग रस्त्याकडे कलंडलं. घाई नव्हती त्या पडण्याला. बाईने टोपली टाकली आणि ती पळाली, पण झाडाचा घेर तिच्या पळण्याहून मोठा होता. जमीन हादरली ती माझ्या छातीत जाणवली. त्यानंतर पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत वर उडालेली शेकडो फुलं आभाळातून परत खाली येत होती. सगळा रस्ता पिवळा झाला. एवढी सुंदर आणि एवढी भयानक गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

ती फांद्यांत सापडली. कमरेएवढ्या जाड फांदीखाली तिचा उजवा पाय होता, गुडघ्याच्या खाली. शुद्धीवर होती. मी फांदीला खांदा लावला. काय हलणार ती.

"भाऊ, मले राहू द्या," ती म्हणाली. "मोडीवर जा. यष्टी येऊन राह्यली."

झाड त्या मोडीच्या, म्हणजे वळणाच्या, अगदी अलीकडे पडलं होतं. धानोऱ्याची पहिली बस त्या उतारावरून जोरात येते, आणि झाड आहे हे ड्रायव्हरला दहा पावलांवर आल्याशिवाय दिसणार नव्हतं. मला दूरवर इंजिनाचा आवाज ऐकू आला. तरी मी फांदीला धरूनच उभा होतो. तिला टाकून पाय निघत नव्हता, की डोकंच चालत नव्हतं, कोण जाणे.

मग ती ओरडली, "अरे, जा नं बाप्पा! मी कुठी पळून चालली का? झाडानं धरून ठेवलं आहे मले!"

मी धावलो. वळणावर पोचलो, खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी हलवला. बस माझ्यापासून दोन हातांवर थांबली. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला आणि पुढचं दृश्य पाहून तसाच उभा राहिला. बस भरलेली होती. दवाखान्याला निघालेल्या बाया, हापिसवाले, एक मुसलमान कासार बांगड्यांची पेटी घेऊन, कडेवर लेकरं घेतलेल्या पोरी. सगळे उतरले. बसचा जॅक लावला, लाकडी बल्ल्या घातल्या आणि फांदी वीतभर वर केली. तिला ओढून काढताना तिच्या तोंडातून एकच आवाज निघाला. मग कंडक्टर तिला पाणी पाजायला लागला तर ती त्याला विचारते, "यष्टीतल्या कोनाले लागलं तं नाई नं बापू?"

कंडक्टर रडायला लागला. त्याच बसने, दुसऱ्या बाजूने बांधीतून वाट काढून, तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. ड्रायव्हरने एकही थांबा घेतला नाही. वाटेत हात दाखवणारे लोक बोंबलत राहिले.

पाय वाचला. पण तो चार बोटं आखूड झाला, आणि गुडघा पुन्हा वाकला नाही.

तिसऱ्या दिवशी पंचनामा होता. तलाठी, वनरक्षक, ठाण्याचा जमादार, गावातले दोन पंच, आणि मी. तलाठी माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मोजणीचं काम तो माझ्याकडे बघून शिकलेला. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच आहात म्हणून बरं. झाड कोणाच्या हद्दीत धरायचं?"

मी फीत मागितली. आता जे केलं ते जसं केलं तसं लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी रस्त्याच्या जुन्या मध्यापासून माप धरलं होतं. या वेळी मी फितीचं टोक रुंद केलेल्या डांबराच्या कडेवर ठेवलं. त्यामुळे सरकारी जागा बुंध्याच्या पलीकडे गेली. तिथे उभ्या असलेल्या माणसांत हा फरक फक्त मला कळत होता. "रस्त्याच्या," मी म्हणालो, आणि तलाठ्याने लिहिलं. जुना मुकादम तोवर दुसऱ्या रस्त्यावर गेला होता. माझं ते पत्र कुठल्यातरी फायलीत होतं. ते कुणी काढलं नाही.

वनरक्षक ढोलीत वाकून पाहत होता. "हे तं जळून पोकय झालं आहे. इस्तो कोन लावे इथी?"

मला बोलायची काही गरज नव्हती. तरी मी म्हणालो, "मोह वेचणारे लावतातच."

एवढंच. मी तिचं नाव घेतलं नाही. पण त्या झाडाखाली वेचणारं माणूस एकच होतं. तलाठ्याने लिहिलं की मोह वेचणाऱ्या इसमाने वारंवार लावलेल्या आगीमुळे बुंधा कमजोर होऊन झाड पडलं. मी खाली सही केली. माझी सही वळणदार आहे.

तिच्या मुलीने रस्तावाल्यांकडे मदतीचा अर्ज केला होता. त्याला उत्तर आलं की अपघात अर्जदाराच्या आईच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला आहे. ते पत्र मुलीने वाचून घ्यायला माझ्याकडेच आणलं. गावाच्या ओळखीतला शिकलेला माणूस मीच ना. मी ते तिला वाचून दाखवलं.

पण मदत न मिळणं हे पुढच्या मानाने लहान होतं. टोलीत मोहाच्या झाडाला काय मान आहे हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जन्माला, लग्नाला, मरणाला, सगळ्याला ते लागतं. जाळून जाळून एवढा जुना मोह पाडला, हा डाग तिच्यावर बसला. बाया पाणवठ्यावर तिला ऐकवू लागल्या, "हे पाहा, झाडखाई आली." एक म्हातारा तिला तोंडावर म्हणाला, "झाडानं तुयाच पाय धरला, दुसऱ्याचा नाई. त्याले मालूम होतं." दुसरा कुणी आपल्या झाडाखाली तिला वेचू देईना. साऱ्या गावात ज्या एका बाईने मोहाला कधी काडी लावली नाही, तिच्याच नावावर ते लागलं. "साहेबानं लिहून देल्लं, म्हणजे खरंच असन," असं लोक म्हणत. माझी ती चौतीस वर्षांची अब्रू तिच्याविरुद्ध वापरली गेली.

आणि पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीने माझा सत्कार केला. बस वाचवली म्हणून शाल, श्रीफळ. बाई पुढच्याच रांगेत जमिनीवर बसली होती, सरळ पाय समोर पसरून, काठी मांडीवर ठेवून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. बस कुणी वाचवली हे तिथे दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस टाळ्या वाजवत होतं आणि दुसऱ्याच्या खांद्यावर शाल होती.

रस्त्यावरचं झाड यंत्राने कापून नेलं होतं. बांधीच्या बाजूचा उरलेला भाग तसाच पडून होता, उपटलेला बुंधा आणि त्याला लागून आडवी झालेली एक मोठी फांदी. मुळांचा थोडासा हिस्सा अजून मातीत होता, फार तर पाव भाग. मी सरपण म्हणून तो विकणार होतो. पुढच्या मार्चमध्ये गेलो तर ती आडवी फांदी फुललेली होती. जमिनीपासून हातभर उंचीवर घोसच्या घोस. पडलेलं, जळलेलं, कापलेलं झाड निजल्या निजल्या फुललं होतं, आणि फुलं तशीच टपटप पडत होती. फक्त वरून नाही, शेजारून. मी टोपी काढली.

बाई तिथे बसलेली होती. उभ्याने वाकता येत नव्हतं म्हणून पाय पसरून बसल्या बसल्या सरकत ती वेचत होती. आजूबाजूची जमीन झाडून स्वच्छ केलेली. मला पाहून म्हणाली, "पाहा जी भाऊ. मले वाकता येत नाई तं हेच खाली आलं."

आणि तिने टोपलीतलं अर्धं माझ्या पोत्यात ओतलं. मी नको म्हटलं. "काऊन?" ती म्हणाली. "झाड रस्त्याचं झालं म्हणून का वाटा सोडता?"

तिच्या तोंडावर मला टोमणा सापडेना. मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिला माहीत होतं की नव्हतं, हे त्या दिवशी मला ओळखता आलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "पाय दुखते का?"

"थंडीत दुखते," ती म्हणाली.

मी रोज सकाळी बुद्धवंदना घेतो. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना माझा आवाज खाली जातो हे एकदा बायकोच्या लक्षात आलं. तिने विचारलं, घसा बसला का? तिलाही मी सांगितलं नाही. ती आता नाही.

निवृत्तीनंतर मी बाईकडे कितीतरी वेळा गेलो. प्रत्येक वेळी वाक्य तयार करून जायचो. ती पाट द्यायची, भाजलेला मोह तिळाबरोबर कुटून पुढे ठेवायची, मुलीच्या सासरचं सांगायची. मी वाक्य तसंच घेऊन परत यायचो. एकदा तिनेच काम सांगितलं. वनहक्क कायद्याखाली तिच्या नावावर जंगलातला जमिनीचा तुकडा व्हायचा होता. मोजणी चुकू नये म्हणून मी बरोबर यावं असं तिला वाटत होतं. मी आनंदाने गेलो. माफीऐवजी हे तरी करता येईल, असा माझा हिशेब.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ती काठी टेकत पुढे निघाली आणि हद्द सांगत गेली. या ऐनाच्या झाडापासून त्या वारुळापर्यंत, वारुळापासून दगडी पाणवठ्यापर्यंत. मध्ये दाट झाडी, समोरचं काही दिसत नव्हतं, आणि ती तो आखूड पाय ओढत सरळ रेषेत चालत होती. मी मागून फीत ओढत आलो, दिशा तपासल्या, आकृती काढली. ती रेषा हातभरही वाकडी नव्हती. तिने सांगितलेली लांबी आणि माझं माप यांत एका पावलाचा फरक आला. मी पुन्हा मोजलं. चूक माझी होती, फीत एका खोडाला अडकली होती.

"बाई, तुले हे कसं जमते?" मी विचारलं.

"आपलं किती अन् दुसऱ्याचं कुठून, एवढं तं मालूम पाह्यजे नं भाऊ," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

मी तिथे खाली बसलो. दम लागला असं सांगितलं. जंगलात आम्ही दोघंच होतो. याहून चांगली जागा आणि वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. ती परत आली, माझ्याजवळ उभी राहिली, मी उठायची वाट बघत राहिली. बराच वेळ राहिली. मग म्हणाली, "चला, ऊन होते."

मागच्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला आणि चार दिवसांत गेली. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे होतो. परत आलो तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं. झाड माझ्या धुऱ्यावर होतं, माप मी चुकीच्या जागेवरून धरलं होतं, आग मी लावत होतो, बाईने कधीच लावली नाही, आणि बस थांबवायला मला तिनेच पाठवलं होतं. हे सगळं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. तहसीलीतही लेखी जबाब दिला. तिथला कारकून म्हणाला, "काका, फाइल केव्हाच बंद झाली. याचं मी करू काय?" मी म्हटलं, फायलीत लाव. त्याने लावला असावा.

 सभेत मागून एक जण म्हणाला, "म्हातारी मेल्यावर आठवलं का साहेब?" त्याला कुणी गप्प केलं नाही, ते बरंच झालं. तिला तोंडावर बोलणारा तो म्हातारा अजून होता. तो उठला, काठी टेकत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या दाराशी बसलेला लोकांनी पाहिला.

सभा उठल्यावर तिची मुलगी माझ्याकडे आली. मला वाटलं, ही आता मारेल, आणि मारावं असंही वाटलं.

"मायले मालूम होतं," ती म्हणाली. "तिनं तुमाले काडी लावताना पाह्यलं होतं. बाजारातून लवकर आली होती एका सालाले."

"मंग बोलली काऊन नाई कोनाले?"

"मी बी हेच विचारो तिले. भांडो तिच्यासंगं. तं म्हणे, भाऊ येते नं घरी. पाटावर बसते, चहा घेते, अन् त्याच्या मनात आहे हे दिसते मले. तो सांगन. मी विचारलं तं त्याचं सांगनं राहून जाईन."  "तापात होती तवा बी विचारे, भाऊ आले होते का म्हणून."

 मुलीने माझा हात धरून मला ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरवल्या, कारण मला एका डोळ्याने नीट दिसत नाही.

बाईसाठी मी तयार केलेलं वाक्य दर वेळी थोडं बदलायचं, पण शेवटी ते इतकं झालं होतं. बाई, तू झाडत होतीस अन् मी जाळत होतो. पाय तुयाच गेला, अन् नाव बी तुयंच गेलं, अन् दोन्ही माह्या हातानं गेले. मले माफ कर.